मुलांचं ऐकून घेणाऱ्या मॅडम-सरांना अनावृत पत्र

प्रति,
चिखला, गोबरवाही, सीतासावंगी, डोंगरी बुजुर्ग आणि तुमसर तालुक्यातल्या सगळ्या शाळांत मुलांचं मन सांभाळणारे मॅडम आणि सर,



तुमच्यापैकी फार थोड्यांच्या नेमणुकीच्या आदेशावर ‘समुपदेशक’ हा शब्द असेल. बाकीचे कुणी मराठीचे शिक्षक, कुणी विज्ञानाच्या बाई, कुणी पीटीचे सर. कुणी सुट्ट्या खर्ची घालून मार्गदर्शन-समुपदेशनाची पदविका केली, कुणी शासनाचं छोटं प्रशिक्षण घेतलं, तर कुणाकडे मुलं आपणहून यायला लागली आणि काम अंगावर आलं. वयानं तुम्ही बहुतेक चाळिशी ओलांडलेले, पन्नाशीकडे निघालेले. गावात तुम्हाला कुणी समुपदेशक म्हणून हाक मारत नाही. मुलं मात्र एकमेकांना सांगतात, “त्या मॅडमला सांग, त्या कोणाला बोलत नाहीत.” तुमची खरी नेमणूक तिथं होते.

हे पत्र उघडं लिहितोय, कारण त्यातलं निम्मं तुमच्यासाठी आहे आणि निम्मं तुमच्या आसपासच्या आम्हा सगळ्यांसाठी. या वयात, इतर सगळी कामं डोक्यावर असताना, तुम्ही हे का करता? या प्रश्नाचं उत्तर मला महत्त्वाचं वाटतं. तुमच्या मनातल्या त्या ओढीचा आम्हाला अभिमान वाटायला हवाच. पण त्याच ओढीच्या भरवशावर सगळी व्यवस्था निवांत बसली आहे, आणि तेही कुणीतरी स्पष्ट बोलायला हवं.

आधी चिखल्याबद्दल, कारण इथलं काम इथल्या जगण्यातून येतं. बाहेरच्या जगाला हे गाव मँगनीजमुळे ठाऊक. जमिनीखाली उतरून काढलेलं इथलं खनिज पोलादाच्या कारखान्यांना जातं. मँगनीजवाचून पोलाद बनत नाही. शंभराहून अधिक वर्षं या पट्ट्यात खाणकाम चालू आहे. आधी ब्रिटिश कंपनी होती, 1962 साली सरकारी भागीदारीतली मॉइल आली. त्या खाणीच्या पाळ्यांवर घरं चालतात, आणि घरांवर शाळा. बाप रात्रपाळी करून सकाळी झोपतो, तेव्हा एका खोलीच्या घरात दहावीच्या पोरीनं अभ्यास कुठं बसून करायचा? ती चिडचिडी झाली, वर्गात झोपायला लागली, तर तिचं ‘लक्ष नाही’ असा शेरा पडतो. शेऱ्यामागची खोली तुम्हाला दिसते.

एकाच बाकावर खाणीतल्या कायम कामगाराचं पोरगं बसतं आणि ठेकेदाराकडे रोजीनं जाणाऱ्याचंही. एकाच्या घरी महिन्याचा पगार आणि क्वार्टर, दुसऱ्याच्या घरी काम मिळेल त्या दिवशीची चूल. तिसऱ्याच्या घरचे रोवणीला जातात, चौथ्याची आई विड्या वळते. शाळेचा गणवेश हा फरक झाकतो, पण सहलीचे पैसे भरायची वेळ आली की तो उघडा पडतो. मोहफुलं वेचायच्या दिवसांत पटावरची हजेरी किती उतरणार, धानाच्या रोवणीत कोणती पोरं गायब होणार, दिवाळीनंतर मंडईच्या जत्रा सुरू झाल्या आणि रात्रभर नाटकं रंगली की सकाळी कोण पेंगणार, हे तुम्हाला हजेरीपट न उघडता सांगता येतं. हे ज्ञान कुठल्या पदविकेत शिकवत नाहीत. ते वीस वर्षं एका मुलखात राहून येतं.

आणि मुलं काय घेऊन येतात? बापाचं पिणं. दहावी व्हायच्या आत ठरलेलं लग्न. मोबाइलवर कुणी पाठवलेला फोटो आणि त्यावरून चाललेली धमकी. घरात पोवारी किंवा गोंडी, अंगणात झाडीबोली, पुस्तकात प्रमाण मराठी आणि पुढं सायन्सला इंग्रजी, या पायऱ्या चढताना तोंडच बंद झालेलं हुशार पोरगं. खाणीत बाप गेल्यावर अनुकंपेच्या नोकरीकडे डोळे लावून शिक्षण सोडून बसलेला मोठा भाऊ, आणि त्याच्याकडे बघून “शिकून काय होते जी?” असं विचारणारा धाकटा. या शेवटच्या प्रश्नाला पुस्तकातलं उत्तर चालत नाही, हे तुम्हाला पक्कं माहीत आहे.

तुमची कामाची रीत मी पालक म्हणून लांबून बघत आलोय. बोलणं बंद झालेल्या मुलीला तुम्ही सगळ्यांदेखत स्टाफरूममध्ये बोलावत नाही. तिला वह्यांचे गठ्ठे उचलायला सांगता, ग्रंथालयाची कपाटं लावायला घेता. पहिल्या आठवड्यात ती काहीच बोलत नाही, तुम्हीही विचारत नाही. मग एखाद्या दिवशी पुस्तकांवरची धूळ झटकताना ती एक वाक्य बोलते, आणि तुम्ही मान वर न करता हातातलं काम चालू ठेवता, म्हणून ती दुसरंही वाक्य बोलते. तुमच्याकडे वेगळी खोली नाही. व्हरांड्याचं टोक, प्रयोगशाळेतली मधल्या सुट्टीतली दहा मिनिटं, सायकल हातात धरून फाटकापर्यंत चाललेली वाट, हाच तुमचा कक्ष.

धाकट्याच्या त्या प्रश्नाशीही तुम्ही असंच भिडता. शिकण्याचं महत्त्व या विषयावर भाषण न देता त्याला माहिती देता. खाणीत बापासारखंच काम करायचं असेल तरी माइनिंग मेट आणि ब्लास्टरच्या परीक्षा असतात, नागपूरच्या व्हीएनआयटीत खाण अभियांत्रिकीची पदवी मिळते. मुलींना तर तुम्ही आणखी एक गोष्ट सांगू शकता: 1952 च्या खाण कायद्यानं बायकांना भूमिगत खाणीत काम करायला बंदी होती, पण केंद्र सरकारनं 2019 साली तांत्रिक, देखरेखीच्या आणि व्यवस्थापनाच्या कामांसाठी दिवसाच्या वेळेत ती उठवली. ज्या पोरीची आजी खाणीच्या वर दगड वेचत होती, ती पोरगी त्याच खाणीत अधिकारी म्हणून खाली उतरू शकते. चिखल्यातल्या मुलीला हे सांगणारं माणूस शाळेत हवं. ते आज तुम्ही आहात.

आता मूळ प्रश्न. हे सगळं तुम्ही का करता?

पैशासाठी नाही, हे उघड आहे. या कामाचा वेगळा भत्ता मिळत नाही. तुमच्यातल्या अनेकांनी नोकरीची सुरुवातच शिक्षणसेवक म्हणून तीन वर्षं तुटपुंज्या मानधनावर केली. 1 नोव्हेंबर 2005 नंतर लागलेल्यांना जुनी पेन्शन नाही. बारा वर्षांनी वरिष्ठ वेतनश्रेणी, चोवीस वर्षांनी मिळाली तर निवडश्रेणी, यापलीकडे वर जायला फारशा पायऱ्या नाहीत. पंचेचाळिशीत माणूस हिशेब मांडतो, आणि नोकरीतून अजून काय मिळणार याचं उत्तर त्याला तोवर मिळालेलं असतं.

कौतुकासाठीही नाही. गणितात शंभरपैकी शंभर मिळवून देणाऱ्या सरांचा सत्कार होतो. पण एखादी मुलगी त्या रात्री विहिरीकडे गेली नाही, एखादं लग्न तीन वर्षं पुढं ढकललं गेलं, एखादा पोरगा दारूच्या घरातून निघून वसतिगृहात पोचला, याचा सत्कार होऊ शकत नाही. ती गोष्ट बाहेर सांगितली तर विश्वास मोडतो. तुमचं सगळ्यात मोठं यश तुम्हाला पोटात ठेवावं लागतं.

तुम्ही संत आहात म्हणूनही नाही. असं म्हटलं की आम्ही हात जोडून मोकळे होतो आणि तुमच्या गरजा दिसेनाशा होतात. तुम्हीही थकता, रागावता, एखाद्या दिवशी दारात उभ्या मुलाकडे बघून “आज नको रे” असं मनात म्हणता. अशा माणसांनी हे काम चालू ठेवलं आहे, म्हणूनच त्याची किंमत मोठी आहे.

माझ्या समजुतीप्रमाणे उत्तर तुमच्या वयातच आहे. मानसशास्त्रज्ञ एरिक एरिक्सन यांनी 1950 साली ‘चाइल्डहूड अँड सोसायटी’ या ग्रंथात माणसाच्या आयुष्याचे आठ टप्पे मांडले. त्यातला सातवा टप्पा मध्यमवयाचा. या वयात माणसापुढे दोनच वाटा असतात असं ते म्हणतात: एक, पुढच्या पिढीची जोपासना, दुसरी, आपल्यातच साचून राहणं. याच एरिक्सननी पुढं मध्यमवयाच्या अभ्यासासाठी एक भारतीय माणूस निवडला. 1918 साली अहमदाबादच्या गिरणी कामगारांच्या संपात उतरलेले गांधीजी. तेव्हा ते अठ्ठेचाळीस वर्षांचे होते, म्हणजे तुमच्याच वयाचे. दक्षिण आफ्रिकेतलं काम मागं पडलं होतं, देशव्यापी आंदोलन अजून पुढं होतं, आणि ते एका शहरातल्या कामगारांची मजुरी किती वाढावी या प्रश्नात गुंतले होते. 1969 साली निघालेल्या ‘गांधीज ट्रूथ’ या पुस्तकाचा केंद्रबिंदू हाच संप आहे. मोठ्या माणसाचं मध्यमवय समजून घ्यायला एरिक्सन यांनी एक लहान, मर्यादित, माणसांच्या रोजच्या भाकरीशी जोडलेली घटना घेतली. चिखल्यासारख्या कामगारांच्या गावात काम करणाऱ्यांना ती निवड का झाली हे वेगळं सांगायला नको.

आपल्याकडे आणखी जवळचं उदाहरण आहे. ताराबाई मोडकांचा जन्म 1892 चा. गिजुभाई बधेकांबरोबर भावनगरला बालशिक्षणाचं काम करून त्यांचं नाव झालं होतं. तिथंच थांबता आलं असतं. पण 1945 साली, पन्नाशी उलटल्यावर, त्यांनी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केलं, आणि 1957 मध्ये, पासष्टीच्या उंबरठ्यावर, कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांत गेल्या. मुलं शाळेत येत नाहीत तर शाळा मुलांच्या अंगणात नेली, गुरं राखणाऱ्यांसाठी कुरणात नेली. त्यांच्याबरोबर अनुताई वाघ होत्या, त्यांनी हे काम पुढं कित्येक वर्षं चालवलं. ताराबाईंच्या उत्तरायुष्यातून मला एक गोष्ट ठळक दिसते. तरुणपणी मिळवलेलं ज्ञान त्यांनी उतारवयाकडे जाताना सगळ्यात दूरच्या मुलापर्यंत पोचवलं, आणि पोचवता पोचवता एक वारस घडवला.

तुम्हाला हे काम धरून ठेवतं त्यामागे हीच गरज आहे असं मला वाटतं. तिशीत तुम्ही वर्ग जिंकलेत, निकाल लावलेत. आता कुणाला तरी पुढं उभं राहिलेलं बघायचं आहे, आपल्या नावाची पाटी नसली तरी चालेल. ही गरज भुकेइतकी खरी आहे.

आणि याच वयानं तुम्हाला एक वेगळं सामर्थ्यही दिलं आहे. तुमच्या स्वतःच्या घरात बारावीचा मुलगा आहे, तो तुमच्याशी धड बोलत नाही. गावाकडे आई-वडील थकलेत. तुमची झोप उडते, रक्तदाबाची गोळी सुरू झाली आहे. बायकांना रजोनिवृत्तीच्या काळात शरीर साथ देत नाही आणि त्याबद्दल स्टाफरूममध्ये बोलायचीही सोय नाही. म्हणून तुमच्यासमोर रडणाऱ्या मुलीला तुम्ही “एवढं काय त्यात” असं म्हणत नाही. उपाय सुचवायची घाई तुम्हाला राहिलेली नाही. आयुष्यातले काही प्रश्न सुटत नाहीत, त्यांच्यासोबत राहायला शिकावं लागतं, हे तुम्हाला पंचविशीत माहीत नव्हतं. आज माहीत आहे, आणि मुलाला तुमच्या आवाजातून ते कळतं.

2025 सालानं तर तुम्हाला मुलांच्या आणखी जवळ नेलं. 1 सप्टेंबर 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला: पहिली ते आठवीला शिकवणाऱ्या ज्या शिक्षकांची सेवा पाच वर्षांहून जास्त उरली आहे, त्यांनी दोन वर्षांत टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, उत्तीर्ण व्हायचं. वीस-पंचवीस वर्षं शिकवल्यावर पुन्हा परीक्षेला बसायचं, आणि नापास झालो तर नोकरीचं काय ही धास्ती. पन्नाशीतली किती माणसं रात्री मुलांच्या शेजारी बसून अभ्यास करताहेत! परीक्षेच्या भीतीवर मुलांशी बोलणारी माणसं स्वतः त्या भीतीत आहेत. तरीही दुसऱ्या दिवशी शाळेत येऊन तुम्ही दहावीच्या पोराला धीर देता. तो धीर पोकळ नसतो, म्हणून मुलांना पटतो.

आता मला ज्यासाठी हे पत्र उघडं लिहावंसं वाटलं तिकडे येतो.

शाळांत मार्गदर्शन हवं हे काही आज सुचलेलं नाही. 1953 साली मुदलियार आयोगानं सांगितलं की प्रशिक्षित मार्गदर्शक आणि करिअर मास्टर हळूहळू सगळ्या शाळांना मिळावेत. 1966 साली कोठारी आयोगानं त्याहून व्यवहार्य योजना मांडली: जवळपासच्या दहा माध्यमिक शाळा मिळून एक फिरता समुपदेशक, सोपी कामं शिक्षकांनी करायची, आणि प्रत्येक जिल्ह्यात निदान एका शाळेत मार्गदर्शनाचा पूर्ण कार्यक्रम. पुढं महाराष्ट्रात दहावीची कलचाचणी झाली. परीक्षेच्या हंगामात राज्य मंडळ समुपदेशकांचे फोन नंबर जाहीर करतं. 10 मार्च 2022 च्या शासन निर्णयानं शाळाशाळांत मुलांच्या सुरक्षित वातावरणासाठी सखी सावित्री समित्या आल्या. प्रत्येक पाऊल योग्य दिशेचं होतं. पण प्रत्येक वेळी काम करणारा माणूस तोच राहिला: तुम्ही, तुमच्या तासिका तशाच ठेवून.

आणि गरज किती आहे? राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या आकड्यांनुसार 2022 या एका वर्षात देशात 13,044 विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. राज्यांमध्ये सगळ्यात वरचा आकडा महाराष्ट्राचा होता, 1,764. विशाखापट्टणमला शिकणाऱ्या एका सतरा वर्षांच्या मुलीच्या मृत्यूचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढं आलं, तेव्हा 25 जुलै 2025 रोजी न्यायालयानं देशभरासाठी मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शैक्षणिक संस्थेनं किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमावा. त्याहून लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर जोडून घ्यावं. सगळ्या कर्मचाऱ्यांचं वर्षातून दोनदा प्रशिक्षण व्हावं.

1953, 1966, 2025. तीन पिढ्यांनी तेच सांगितलं. तरीही चिखल्यासारख्या गावात तो समुपदेशक म्हणजे मधल्या सुट्टीतला डबा बाजूला ठेवणारे तुम्हीच असाल, तर त्याचा अर्थ एवढाच की तुमच्या मनातली माया शासनानं जमेच्या बाजूला लिहून टाकली आहे. पोषण आहाराची नोंदवही, ऑनलाइन माहिती भरणं, निवडणुकीची यादी, हे सगळं उरकून जो वेळ उरतो तो मुलांच्या मनाला. ओढ आहे म्हणून पगार नको, खोली नको, वेळ नको, असा हिशेब दुसऱ्या कुठल्याच कामात कुणी मांडत नाही. खाणीत उतरणाऱ्या कामगाराला खाणीची आवड आहे म्हणून हेल्मेट आणि दिवा नाकारला जात नाही.

या हिशेबाचा तोटा मुलांनाही होतो. एकटं पडलेलं माणूस कितीही चांगलं असलं तरी चुकण्याची शक्यता वाढते. मुलाचा भार स्वतःच्या घरी नेतं. आपणच तारणहार आहोत असं नकळत वाटू लागतं, आणि ज्या मुलाला डॉक्टरची गरज आहे त्याला बोलण्यावरच ठेवलं जातं. “कुणाला सांगू नका” असं मुलीनं म्हटलं म्हणून अत्याचाराची गोष्ट पोटात ठेवली जाते. पॉक्सो कायदा 2012 चा आहे, आणि त्याचं कलम 19 स्पष्ट आहे: अशी माहिती मिळाली की ती पोलिसांना किंवा विशेष बालपोलीस पथकाला द्यावीच लागते, गप्प राहणं हा गुन्हा आहे. छोट्या गावात हे किती कठीण! आरोपी नात्यातला, त्याचा भाऊ तुमच्या घरासमोर राहतो, सरपंच मध्यस्थीला येतो. अशा वेळी तुमच्या मागं एक यंत्रणा हवी, वरिष्ठ तज्ज्ञ हवा, ज्याला तुम्ही फोन करून विचारू शकाल. जगभर समुपदेशकाला स्वतःच्या कामाबद्दल बोलायला अनुभवी मार्गदर्शक असणं आवश्यक मानतात. तुम्हाला तो नाही.

म्हणून मी तुमच्याकडे काही मागतो, आणि मग आमच्याकडून काय व्हायला हवं तेही लिहितो.

तुमच्याकडे पहिलं मागणं: हे काम कागदावर आणा. मुलांची नावं आणि गुपितं कागदावर नकोत, पण किती मुलं आली, कोणत्या तऱ्हेचे प्रश्न होते, किती वेळ गेला, कुणाला पुढं पाठवलं, याची नोंद ठेवा. नोंद नसलेलं काम मागणीत येत नाही. दुसरं: आठवड्याला दोन तासिका या कामासाठी वेळापत्रकात मागा आणि दार लागेल अशी एक जागा मागा. तिसरं: मर्यादा ठेवा. जीव द्यायचा विचार बोलून दाखवणारं मूल, अनेक दिवस न झोपणारं, स्वतःला इजा करणारं मूल एकट्यानं सांभाळायचं नसतं. त्याला एकटं सोडू नका, घरच्यांना विश्वासात घ्या आणि डॉक्टरकडे न्या. तुमसरचं उपजिल्हा रुग्णालय आहे, भंडाऱ्याला जिल्हा रुग्णालय आहे, 14416 हा टेली मानसचा मोफत क्रमांक 2022 पासून चोवीस तास चालू आहे, मुलांसाठी 1098 आहे. हे क्रमांक शाळेच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून घ्या. चौथं: एक तरुण शिक्षक किंवा शिक्षिका शोधा आणि तिला तुमच्याबरोबर घ्या. तुम्ही अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त व्हाल. वीस वर्षांत जमवलेली समज तुमच्याबरोबर घरी गेली तर पुढच्या मुलीनं कुणाकडे जायचं?

आणि स्वतःचं बोलणं कुठंतरी होऊ द्या. तालुक्यातल्या चार-पाच शाळांतल्या तुमच्यासारख्यांनी महिन्यातून एकदा बसावं, नावं न घेता प्रकरणं बोलावीत, एकमेकांना विचारावं. याला कुणाचा आदेश लागत नाही.

आता आमचं काम. चिखल्याच्या जमिनीतून मँगनीज निघतं, आणि त्यातला हिस्सा या भागाच्या माणसांसाठी राखलेला आहे. 2015 साली खाण आणि खनिज (विकास व नियमन) कायद्यात दुरुस्ती होऊन प्रत्येक खाणजिल्ह्यात जिल्हा खनिज प्रतिष्ठान स्थापन करायचं ठरलं. 12 जानेवारी 2015 आधीच्या खाणपट्ट्यांना रॉयल्टीच्या 30 टक्के इतकी रक्कम या निधीत भरावी लागते. खाणबाधित गावांसाठी असलेल्या या पैशाच्या प्राधान्याच्या यादीत आरोग्य आहे, शिक्षण आहे, महिला आणि बालकल्याण आहे. त्याशिवाय कंपनी कायद्यानुसार नफ्यातल्या मोठ्या कंपन्यांना सामाजिक कामासाठी सरासरी नफ्याचे दोन टक्के खर्च करावे लागतात. या निधीतून इमारती होतात, रस्ते होतात, बोअर होतात. ते सगळं हवंच. पण कोठारी आयोगानं 1966 साली सांगितलेला दहा शाळांमागचा एक फिरता समुपदेशक याच पैशातून का होऊ नये? त्याचा वर्षाचा पगार एखाद्या छोट्या सिमेंट रस्त्याहून जास्त नाही. तो आठवड्यातून एक दिवस तुमच्या शाळेत येईल, अवघड प्रकरणं बघेल, तुम्हाला मार्गदर्शन करेल, आणि उरलेले दिवस मुलांच्या जवळ तुम्ही असालच.

शाळा व्यवस्थापन समितीच्या सदस्यांनो, ग्रामपंचायतीच्या सरपंच-सदस्यांनो, खाणीतल्या युनियनच्या पुढाऱ्यांनो, ही मागणी तुम्ही करायची आहे. येत्या ग्रामसभेत हा ठराव मांडा: जिल्हा खनिज प्रतिष्ठानच्या निधीतून तुमसर तालुक्याच्या खाणपट्ट्यातल्या शाळांसाठी एक प्रशिक्षित, पूर्णवेळ समुपदेशक नेमावा, आणि शाळेत हे काम करणाऱ्या शिक्षकाच्या तासिका तेवढ्या कमी कराव्यात. युनियन बोनसवर बोलते, पाळ्यांवर बोलते, सुरक्षेवर बोलते. कामगाराच्या पोराचं मन हाही सुरक्षेचाच विषय आहे.

मॅडम, सर, तुमच्या मनातली ओढ आम्ही तुम्हाला दिलेली नाही, म्हणून ती गृहीत धरायचा आम्हाला हक्क नाही. तिला वेळ, जागा, पगार आणि सोबत मिळवून देणं एवढंच आमच्या हातात आहे, आणि तेवढं आम्ही केलं पाहिजे. तोपर्यंत दमलात तर सुट्टी घ्या, “आज नको” असं म्हणायची वेळ आली तर मुलाला उद्याची वेळ द्या आणि ती पाळा. पण हे काम सोडू नका, आणि ते फुकटही करत राहू नका. ग्रामसभेत ठराव मांडला जाईल त्या दिवशी तुमची नोंदवही घेऊन या. आम्ही तुमच्या बाजूनं हात वर करू.

आपला,
तुमसर तालुक्यातला एक पालक